कोकणातले किल्ले, जुन्या छावण्या आणि मातीतून वर येणाऱ्या लष्करी वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरगाचे दोन-चार दणके बसले की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. तांबड्या मातीत अर्धवट रुतलेला लोखंडी गोळा, तळहातावर ठेवलेली पांढरट गोळी, काळपट हिरव्या बाटलीचा बुडखा, एखादं पितळी बटण. सोबत एकच ओळ : "सर, हे काय आहे?" माझा उलट प्रश्नही ठरलेला : "कुठे मिळालं?" यावर निम्मे लोक गप्प होतात. काहींना वाटतं मी जागा हडपणार, काहींना खरंच आठवत नाही.

मी पुरातत्त्व खात्याचा माणूस नाही. दापोली तालुक्यात इतिहास शिकवला, हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत पायपीट केली, आणि तीच ती उत्तरं फोनवर देऊन कंटाळलो म्हणून ती इथे एकदाच लिहून ठेवली आहेत.

वसाहतकाळातली वस्तू म्हणजे इंग्रजांचीच ना?

नाही. आपल्या किनाऱ्यावर इंग्रज उशिरा आले. वसई, रेवदंडा, कोर्लई इथे पोर्तुगीज त्यांच्या कितीतरी आधी बसले होते. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, रेवदंडा आणि कोर्लई पुढच्या वर्षी मराठ्यांकडे आले. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. इंग्रजांनी १७५५ मध्ये बाणकोटचा हिंमतगड घेतला, त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहात तो त्यांच्याकडे कायम झाला. १७६५ मध्ये सिंधुदुर्ग थोडा काळ त्यांच्या हातात होता, तेव्हा त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस. मालवण आणि वेंगुर्ला १८१२ मध्ये मिळालं, बाकीची किनारपट्टी १८१८ मध्ये.

मध्ये आंग्रे, पेशवे, सिद्दी, सावंत, कोल्हापूरकर आहेतच. एकाच बुरुजाच्या पायथ्याशी चार सत्तांचं लोखंड मिळू शकतं. फोटो बघून "ब्रिटिश" असं मी चटकन म्हणत नाही ते यासाठी.

छावण्या कुठे होत्या? किल्ले दिसतात, छावणी दिसत नाही.

छावणी नावात उरते. १८१८ नंतर दक्षिण कोकणची फौज दापोलीला ठेवली, म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "काप दापोली" म्हणतात. काप म्हणजे कॅम्प. वेंगुर्ल्यालाही कॅम्प नावाचा भाग आहे. लष्कराने निवडलेली जागा बहुतेक वेळा उंच, वाऱ्याची, सपाट आणि पाण्याजवळची असते. आज तिथे शाळेचं मैदान, सरकारी बंगले किंवा आंब्याची कलमं दिसतील. जवळपास गोऱ्यांची थडगी असतील तर छावणीही दूर नसते. दापोलीत मोडकळलेलं इंग्रजी चर्चही आहे.

किल्ल्यापेक्षा छावणीची जमीन मला जास्त बोलकी वाटते. किल्ल्यात लढाई दोन दिवसांची. छावणीत माणसं वर्षानुवर्षं जेवली, प्यायली, बटणं हरवली, पैसे पाडले. पण छावणीला ना तट ना बुरूज, त्यामुळे तिचं संरक्षण करावं असं कोणाला सुचत नाही. जेसीबी पहिला तिथेच फिरतो.

लोखंडी गोळा सापडला. कोणत्या तोफेचा हे घरच्या घरी कळेल का?

बऱ्यापैकी कळेल. सुतळी किंवा शिंप्याची टेप गोळ्याच्या मध्यावरून गुंडाळा, घेर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ३.१४ ने भागा. आला तो व्यास. घेर २८ आला तर व्यास जवळजवळ ८.९ सेंटिमीटर, म्हणजे ६ पौंडी गोळा. १० सेंटिमीटरच्या किंचित वर असेल तर ९ पौंडी, ११ च्या वर १२ पौंडी, १३ च्या आत-बाहेर १८ पौंडी, आणि १४ च्या आसपास असेल तर २४ पौंडी. तो मोठ्या जहाजाचा किंवा तटफोडीच्या तोफेचा समजा.

मग वजन करा. ६ पौंड म्हणजे २.७ किलो. १२ पौंडी ५.४ किलो, २४ पौंडी १०.९ किलो. वजन थोडं कमी भरलं तर घाबरू नका, गंजाने लोखंड खाल्लेलं असतं आणि गंजाच्या थराने व्यास फुगलेला असतो. पण ८.९ सेंटिमीटरचा गोळा किलो-सव्वा किलोच भरला तर तो लोखंडी नाहीच, काळ्या दगडाचा आहे. आणि आकाराच्या मानाने अर्धवट हलका, वर बुजलेलं भोक असलेला लोखंडी गोळा असेल तर मोजमाप थांबवा आणि खालचा "पोकळ गोळा" हा प्रश्न आधी वाचा.

माझ्या आजोबांच्या पडवीत असाच एक गोळा होता. भात मोजताना वजन म्हणून वापरायचे. "तीन शेरी" म्हणायचे त्याला. तो ६ पौंडी होता हे मला चाळिशीत कळलं. कुठून आला हे सांगणारं तोवर घरात कोणी उरलं नव्हतं.

सुवर्णदुर्गाजवळ इंग्रजी मापाचा गोळा मिळाला. म्हणजे इंग्रजांनी मराठ्यांवर डागलेला?

हा प्रश्न मला आवडतो. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने ४४ तोफांच्या 'प्रोटेक्टर' जहाजावरून सुवर्णदुर्गावर मारा केला हे खरं. पण किल्ला तुळाजी आंग्र्यांचा होता आणि जेम्स आला होता पेशव्यांशी झालेल्या करारानुसार. किल्ला जिंकून पेशव्यांच्या ताब्यात दिला गेला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावरही तेच : समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवर पेशव्यांची फौज, आणि बंदरात जळून गेलेलं आंग्र्यांचं आरमार. जेम्सच्या बायकोने नवऱ्याच्या आठवणीसाठी लंडनमध्ये शूटर्स हिलवर १७८४ मध्ये एक मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. हर्णैच्या कोळ्यांना हे सांगितलं की ते हसतात.

तेव्हा तो गोळा १७५५ चा असू शकतो, १८१८ चा असू शकतो, किंवा डागलेलाच नसेल, किल्ल्याच्या कोठारातला असेल. आंग्रे, पेशवे, सिद्दी सगळेच युरोपियनांकडून तोफा आणि गोळे घेत, लढाईत पकडलेले वापरत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. माल कुठला ते नाव सांगतं, कोणी कोणावर चालवला ते सांगत नाही. त्यासाठी गोळा तटाच्या आत होता की बाहेर, भिंतीत रुतलेला होता की एकावर एक रचलेला, हे कळायला हवं. तटाबाहेर समुद्राच्या अंगाला चिऱ्यांच्या ढिगात एकटा मिळालेला गोळा आणि जुन्या कोठाराच्या जोत्यात दहा-बाराच्या जुडग्यात मिळालेला गोळा, दोन्ही दिसायला सारखे. एक डागलेला, एक राखून ठेवलेला. उचलून घरी आणला की दोघांत फरक उरत नाही.

तोफेवर आकडे आणि खुणा आहेत. त्यांचा अर्थ काय?

इंग्रजी तोफेच्या मागच्या बाजूला तीन आकडे असतात, मध्ये आडवी रेघ किंवा टिंब. ते साल नव्हे, वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा क्वार्टर, २८ पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. समजा ८-२-१४ असेल तर ८९६ अधिक ५६ अधिक १४, एकूण ९६६ पौंड, म्हणजे ४३८ किलोच्या आसपास. गावोगावी लोक हे आकडे तारखेसारखे वाचतात आणि तसे फलकही लावतात.

बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण ब्रिटिश सरकारी मालाची. मुकुटाखाली जी आणि आर ही अक्षरं असतील तर जॉर्ज राजाच्या काळातली. बदामाच्या आकारात चार कप्पे करून त्यात अक्षरं असतील तर ईस्ट इंडिया कंपनीची जुनी मोहोर, बंदुकीच्या चापावर मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर कंपनीचीच पण एकोणिसाव्या शतकातली. पोर्तुगीज तोफेवर पाच छोट्या ढालींचं राजचिन्ह किंवा कड्याकड्यांचा खगोल दिसतो. पोर्तुगीजांच्या पितळी-काशाच्या तोफा थोड्याच उरल्या. ओतीव धातूला नेहमीच गिऱ्हाईक असतं. तोफा वितळल्या, घंटा वाचल्या : नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची घंटा वसईच्या विजयाबरोबर आलेली मानतात.

अक्षरं वाचायला खडू फासू नका, घासू तर नकाच. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च तोफेला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि फोटो काढा. दुपारी सपाट दिसणारी अक्षरं उठून येतात.

छोटी, जड, पांढरट गोळी मिळाली. खेळातली गोटी आहे का?

नखाने ओरखडा काढून बघू नका, वजनावरून कळेल. ती शिशाची आहे. आपली तांबडी माती आंबट, पाऊस मुबलक. हाडं विरघळतात, लोखंड फुगून फुटतं, शिसं मात्र अंगावर पांढरी साय धरून टिकतं. म्हणून मातीत लढाईची सगळ्यात भरवशाची साक्ष ही गोळीच.

साडेसतरा मिलिमीटर व्यास आणि ३०-३२ ग्रॅम वजन असेल तर कंपनीच्या शिपायांच्या ब्राउन बेस जातीच्या चकमकीच्या बंदुकीची. त्याहून लहान आणि मापात एकवाक्यता नसलेल्या गोळ्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या बंदुकीच्या, प्रत्येक बंदुकीचा साचा वेगळा. लांबट, टोकदार आणि बुडाला खळगा असलेली गोळी १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीची किंवा तिच्या नंतरची. ती सापडली आणि कोणी "शिवकालीन" म्हणालं तर हसून सोडून द्या.

गोळी गोल असेल, साच्याची बारीक शीर दिसत असेल, तर ती झाडलेली नाही, कोणाच्या तरी गोळ्यांच्या पडतळ्यातून पडली. चपटी झालेली असेल तर कशावर तरी आदळली. वेडेवाकडे दातांचे ठसे दिसले तर जखमी शिपायाची गोष्ट लगेच रचू नका, रानडुकरंही शिसं चावतात. आणि ठासणीच्या बंदुका कोकणात शेतराखणीला अगदी आत्तापर्यंत होत्या. एखादी गोळी पणजोबांनी डुकरावर झाडलेलीही असेल!

शिसं विषारी आहे. हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि जाळ्याच्या वजनांसाठी वितळवू तर मुळीच नका. मी हे होताना पाहिलं आहे.

मधाच्या रंगाचा, काचेसारखा चौकोनी दगड सापडला. मौल्यवान आहे?

बाजारात नाही, माझ्या दृष्टीने हो. तो बंदुकीच्या चापातला चकमकीचा दगड असण्याची शक्यता आहे. कोकणात जांभा आणि काळा दगड. हा दगड इथला नाहीच. मधाळ रंगाचा बहुधा फ्रान्सचा, काळा-करडा इंग्लंडचा. कातळावर असा तुकडा मिळाला की तो कोणीतरी जहाजातून आणला हे नक्की. लोक ओळखत नाहीत, फेकून देतात.

बाटल्या, बटणं, चिलमीच्या नळ्या लष्करी वस्तू कशा?

छावणीचा कचरा म्हणून. जाड, काळपट हिरव्या काचेचा, आत खोल खळगा असलेला बुडखा दारूच्या बाटलीचा. पांढऱ्या मातीची, खडूसारखी दिसणारी आणि मधून बारीक भोक असलेली नळी विलायती चिलमीची. बटणावर आकडा असेल तर तो बहुधा पलटणीचा, आणि आमच्यासारख्यांना सोन्याच्या मोहरेपेक्षा तो आकडा प्रिय. तराजूचं चित्र आणि मध्ये फारसीत 'अदल' लिहिलेला तांब्याचा पैसा कंपनीच्या मुंबई इलाख्याचा. त्याच खड्ड्यात शिवराईही मिळते, कारण बाजारात दोन्ही चालत.

एक गंमत. गोटी सोड्याच्या बाटलीचा फोटो दर पावसाळ्यात कोणीतरी "कंपनी सरकारची बाटली" म्हणून पाठवतं. त्या बाटलीचं पेटंटच १८७२ चं, तेव्हा कंपनी सरकार जाऊन चौदा वर्षं झाली होती.

गोळा स्वच्छ कसा करू?

करू नका. आठवीत असताना मी एक गोळा चिंच आणि तारेच्या ब्रशने लख्ख घासला, वर खोबरेल लावलं आणि खिडकीत मांडला. दिवाळीपर्यंत त्याच्या पाकळ्या सुटल्या, होळीला तो पाव हिस्साच उरला.

झालं असं की समुद्राजवळच्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं. वरचा थर काढला आणि हवा लागली की ते आतून लोखंड खात फोडत जातं. पाण्यातून काढलेल्या ओतीव लोखंडाचं तर आणखी वाईट, बाहेरून अखंड दिसतं आणि आत निव्वळ काळा भुसा. असा गोळा हवेत आल्यावर गरमही होतो. प्रयोगशाळेत तो महिनोन् महिने खारट्या पाण्यात नाही, सोड्यासारख्या अल्कलीच्या पाण्यात ठेवतात, मीठ काढतात, मग वाळवतात. पाण्यात मिळालेली वस्तू पाण्यातच राहू द्या, मातीत मिळालेली कोरडी ठेवा, मऊ ब्रशने सुटी माती झटका, बस. काशा-पितळेवर फिकट हिरवी पूड सुटायला लागली तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा.

आणि तोफांना काळा ऑइलपेंट लावणाऱ्या हौशी मंडळांना हात जोडून विनंती : गंज आत कोंडला जातो आणि खुणा बुजतात. तुमचं प्रेम कळतं, पण डबा परत दुकानात द्या.

पोकळ गोळा मिळाला, एका बाजूला भोक आहे. तो कसा उघडायचा?

उघडायचा नाही. हलवायचाही नाही. हा कुलपी गोळा, उखळी तोफेतून किंवा जहाजावरून डागायचा, आत दारू भरलेली. बंद राहिलेली दारू दोनशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. ड्रिल, हातोडा, वेल्डिंग, भंगारवाल्याकडे नेणं, यातलं काहीही जीव घेऊ शकतं. माणसांना लांब करा, ११२ वर फोन करा, बॉम्बशोधक पथक येईल. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या अनोळखी धातूच्या नळकांड्यांनाही हेच लागू.

माझ्या बागेत मिळालं म्हणजे माझंच ना?

कलमांसाठी मीटरभर खोल खड्डे मारतो आपण, त्यात काही ना काही निघतंच. कायदा १८७८ चा आहे, भारतीय निखात निधी कायदा. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय, किती, कुठे, कधी. दहा रुपये ही मर्यादा अजून तीच, त्यामुळे जवळजवळ सगळंच त्यात येतं. मूळ मालक पुढे आला नाही आणि दुसरा काही करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक अशी वाटणी. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेते. म्हणजे कळवणारा चोर ठरत नाही, न कळवणारा ठरतो. तरी लोक कचेरीच्या खेपांना भितात आणि गोळा विहिरीत टाकतात. खेपा मीही घातल्या आहेत, दोष त्यांना पूर्ण देता येत नाही.

याशिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते. ती परदेशी पाठवता येत नाही, तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही.

आणि किल्ल्यात मिळालं तर?

हात लावू नका. फोटो काढा, फोनमध्ये जागेची नोंद घ्या, खात्याला कळवा. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच कोकणातले, तेव्हा आता नजरही जास्त आहे.

मेटल डिटेक्टर घेऊन फिरलं तर चालेल?

यंत्र फक्त धातू दाखवतं. तुम्ही गोळीसाठी खड्डा काढता, आणि तिच्या शेजारचं खापर, कोळसा, चुलीची माती उचकटून टाकता. संरक्षित जागी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहेच. इतरत्रही मी सांगेन, नको.

घरात जुनी पदकं, तलवार, मोडकी बंदूक आहे. ती लढाईत लुटलेली असेल का?

बहुधा पेन्शनीबरोबर आलेली. मुंबई इलाख्याच्या पलटणींत रत्नागिरी जिल्ह्यातले मराठे आणि महार मोठ्या संख्येने होते. निवृत्त होऊन ही माणसं गावी परतली, बरीच दापोलीच्या कॅम्पात राहिली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीतच होते. कोकणातल्या अनेक घरांची लष्करी वस्तू जमिनीत नाही, माळ्यावरच्या ट्रंकेत आहे.

पदकाची कड भिंगाखाली फिरवा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथे कोरलेली असते. पॉलिश करून ती अक्षरं घालवू नका. बंदूक जुन्या बनावटीची असेल आणि दुरुस्त करूनही चालणार नसेल तर शस्त्र कायद्यात तिला सूट आहे, पण ते तुम्ही ठरवू नका, पोलीस ठाण्यात दाखवून लेखी घ्या.

खाडीत किंवा समुद्रात काही दिसलं तर?

कोळी आणि डायव्हिंगवाल्यांनी जागा लक्षात ठेवावी, दोर बांधून ओढू नये. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या किनाऱ्यावर पाण्याखाली शोध घेतला आहे, विजयदुर्गला दगडी नांगर मिळाले आहेत. नांगर कुठे पडले यावरून गलबतं कुठे थांबत ते कळतं. जेट्टीवर आणून ठेवलेला नांगर शोभेचा.

वस्तू कुठे द्यायची?

रत्नागिरीत थिबा राजवाड्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आणि संग्रहालय आहे. केंद्रीय संरक्षित किल्ल्यांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मुंबई मंडळ. देताना पोच घ्या, आणि सोबत एक कागद : गाव, गट नंबर, किती खोल, शेजारी काय होतं, तारीख. जवळच्या विहिरीपासून किंवा गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून किती पावलं, हेही लिहा. पुढच्या पिढीत गडगा सरकेल, पण कागदावरून जागा काढता येईल.

याची किंमत किती येईल?

भंगाराच्या भावाने किलोवर. त्याहून जास्त सांगणारा माणूस तुम्हाला अडकवणार आहे.

तुम्ही घरी येऊन बघाल का?

येईन, पण गणपती झाल्यावर. तोवर तो गोळा जिथे मिळाला तिथेच ठेवा, वर फाटका ताडपत्रीचा तुकडा टाका, आणि जेसीबीवाल्याला त्या कोपऱ्यात जाऊ देऊ नका.